रुईचं अकरावं पान

कुंदा,

तू गेलीस ती आमच्या हातांना काही कामच न ठेवता. दहावा नाही, तेरावा नाही, कावळ्याला पान नाही. तू वसंतरावांना बजावून ठेवलं होतंस, आणि बायकोचा शब्द मोडता येतो हे त्यांना उभ्या संसारात सुचलं नाही, ते आता कुठून सुचणार? बिल्डिंगीतल्या बायका मात्र मला जिन्यात गाठून विचारतात, "काहीच नाही का हो केलं कुंदाताईंचं?" मी सांगते, "नाही. तिची तशी इच्छा होती." त्या मान हलवतात आणि वरच्या मजल्यावर जाऊन बोलायचं ते बोलतात.

त्यांना सांगत नाही ते तुला सांगते. मला हे जड जातंय. मी आगाशीच्या फुलं पिकवणाऱ्या घरातली. आमच्याकडे बारसं असो की मयत, आधी परडी निघते. माझ्या हातांना वाहायची सवय आहे, ते रिकामे राहिले की मला करमत नाही. आणि तू म्हणाली होतीस, "माझ्यामागे काही वाहायचं नाही, विजे. फुलं तोडायची तर मुळीच नाही. झाडावर राहू देत, कोणाच्या तरी पोटाला लागतील." फोटोला हारसुद्धा नाही. तुझा तो आयकार्डावरचा, कपाळाला आठ्या असलेला फोटो भिंतीवर तसाच बोडका लटकतोय. मी येता-जाता त्याच्याकडे बघते आणि माझ्या बोटांना चाळे सुचतात.

मनवेलपाड्यात आपण राहायला आलो तेव्हा बिल्डिंगीचा रंगसुद्धा वाळला नव्हता. तू गिरगावातून आलीस, मी नवऱ्याच्या नोकरीपायी आगाशीहून. दोघींची दारं समोरासमोर, पण पहिली काही वर्षं आपली ओळख दुधाच्या पिशव्या आणि टँकरचं पाणी एवढ्यापुरतीच होती. तू सकाळी फोर्टातल्या ऑफिसात टाइपिंग करायला जायचीस, ती दिवेलागणीनंतर परत. मग ऑफिसाने लोक कमी केले, तू लवकर घरी बसलीस, डॉक्टरांनी साखर सापडली म्हणून चालायला सांगितलं, आणि तुला एकदम वेळच वेळ झाला. त्या वेळेचं तू काय केलंस हे बघून मी आधी हसले होते.

आपली खरी ओळख झाली ती गच्चीवर, माझ्या कुंडीतल्या लिंबाशी. पानांवर हिरव्या, बोटभर अळ्या झाल्या होत्या. मी एक चिमटीत धरून खाली टाकली आणि चप्पल उचलली. तू कपडे वाळत घालत होतीस, ती पितळी परात पडल्यागत दणक्यात ओरडलीस.

"अगं, काय करतेस?"

"अळी मारतेय. तुला काय वाटलं, भजी तळतेय?"

"तिचं फुलपाखरू होणार आहे."

"होईल तेव्हा होईल. आत्ता ती माझं लिंबू खातेय."

माझी आई वाडीत पानवेलीवर आणि लिंबावर अशीच अळ्या वेचायची. म्हणायची, "कीड ती कीड. आज एक सोडशील तं उद्या वाडी सोडावी लागंल." मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, आजही फारसं वाटत नाही. फुलपाखरू बघून कोणाचं पोट भरत नाही, लिंबू विकून भरतं. तू मात्र ती अळी ओच्यात घालून घरी नेलीस, लोणच्याची मोठ्या तोंडाची बरणी घासलीस, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी. "विजयाताई, लिंबाची दोन पानं देता का? कोवळी."

माझंच लिंबू खाणाऱ्या अळीसाठी माझ्याकडेच पानं मागायला आलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. त्या अळीचा कोश झाला, कोश काळा पडला आणि त्यातून बारीक गांधीलमाशीसारखं काहीतरी निघालं. तू दिवसभर जेवली नाहीस. मी वाटीत साबुदाण्याची खिचडी घेऊन आले, तर म्हणालीस, "आधीच कोणीतरी तिच्यात अंडी घालून गेलं होतं, विजया. मी बरणीत ठेवून तिला वाचवतेय असं समजत होते." ताई तेव्हाच गळली. पुढच्या वेळी अळी मीच आणून दिली, चिमटीत नाही, पानासकट. ते फुलपाखरू निघालं तेव्हा तुझ्या पडद्याला लटकून बराच वेळ पंख वाळवत राहिलं, आणि आपण दोघी जेवण टाकून खुर्च्यांवर बसून होतो. वसंतरावांनी विचारलं, "वरण-भात मीच वाढून घेऊ का?" तू म्हणालीस, "आम्हालाही वाढा."

मग तू मला बागेत ओढलंस. बाग म्हणजे नगरपालिकेने चार झोपाळे, एक घसरगुंडी आणि अशोकाची रांग लावून केलेली ती. सगळे जण मधल्या लाद्यांवरून गोल गोल चालायचे. तू मात्र पंपाच्या खोलीमागे, जिथे माळीसुद्धा जायचा नाही तिथे. रुईची दोन मोठी झुडपं, एरंड, पावसात उगवणारा टाकळा, कुंपणाला घाणेरी आणि कण्हेर. मी पाहिलं आणि म्हटलं, "हा उकिरडा आहे." तू म्हणालीस, "हे त्यांचं स्वयंपाकघर आहे. ते पलीकडचे झेंडू नि गुलाब म्हणजे हॉटेल. तिथे नुसते चहा प्यायला जातात. पोरं इथे वाढतात." मग तू एकेका झाडापाशी नेऊन दाखवलंस: एरंडावर कोण, कण्हेरीवर कोण, टाकळ्यावर कोण. प्रत्येकीचं पान ठरलेलं. कण्हेरीवरच्या अळीला रुई दिली तर उपाशी मरेल पण... इथे मी तुला थांबवलं होतं, की माझ्या सासूबाईही अशाच होत्या, आगाशीचं केळं नसेल तर उपास.

तुझ्या पुस्तकात सगळी इंग्रजी नावं. ती माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी ठेवली, साड्यांवरून. नारिंगी अंगाची, काळ्या काठाची, पदराच्या टोकाला पांढरे ठिपके असलेली ती इरकल. काळपट, काठाला पांढऱ्या टिकल्या, ती चंद्रकळा. अशोकाभोवती हिरवे ठिपके झळकवत एका जागी न टिकणारी, ती नव्या सुनेची हिरवी साडी. तू आधी नाक मुरडलंस. मग एक दिवस तूच बागेच्या फाटकातून ओरडलीस, "विजे, लवकर ये, इरकल अंडी घालतेय!" चालणारे सगळे थांबून आपल्याकडे बघायला लागले. सावंतभाऊंनी तर काठीच खाली टाकली.

त्या दिवशी तू मला दाखवलंस ती गोष्ट मला अजून दिसते. इरकलीला घाई नसते. ती रुईवर उतरते, पान पायांनी चाचपते, पोट वाकवून पानाच्या खालच्या अंगाला लावते आणि उठते. एका पानाला एक अंडं. रव्याच्या कणाएवढं. तू म्हणालीस की रुईच्या चिकात विष असतं, अळी ते पोटात साठवते, म्हणून पुढे पाखरू झालं तरी पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. "म्हणून ती बघ कशी सावकाश उडते." मी म्हटलं, "आमच्या गावच्या पाटलीणबाई अशाच चालायच्या." तुला हसू आवरेना.

आपलं भांडण व्हायचं ते या सावंतभाऊंच्या पायी. माणूस वाईट नाही. सकाळी चालायला येणाऱ्यांचा पुढारी, झोपाळ्याची साखळी तुटली की नगरपालिकेत जाऊन बसणारा. पंपाच्या खोलीचा पाइप गळायचा आणि मागे ओल राहायची. त्यांनी प्लंबर आणला. तू आडवी गेलीस. त्या ओल्या मातीवर उन्हं वर आली की पिवळ्या पाखरांची पंगत बसते, पाइप गळू दे, असं तू चारचौघांत म्हणालीस. मी तुझ्या बाजूला उभी होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्या बिल्डिंगीत टँकर एक दिवसाआड, आणि ही बाई नळ गळता ठेवा म्हणते! दुष्काळात तेरावा महिना. घरी येऊन मी तुला फाडफाड बोलले. तू ऐकून घेतलंस. पाइप दुरुस्त झाला. दुसऱ्या दिवसापासून तू तांदूळ धुतलेलं पाणी डब्यात भरून बागेत न्यायला लागलीस आणि त्याच जागी ओतायला लागलीस. तुझ्याच वाट्याचं पाणी, त्यावर मी काय बोलणार? पाखरं पुन्हा येऊन बसली. मी माझ्याही तांदळाचं पाणी तुझ्या डब्यात ओतायला लागले, याबद्दल आपण दोघी कधी काही बोललो नाही.

आणि दुसरं भांडण मारुतीचं. मी लहानपणापासून दर शनिवारी मारुतीला रुईच्या अकरा पानांची माळ घालते. तू देव मानत नव्हतीस, आपल्यात त्यावरून कधी वाद झाला नाही, तो झाला पानांवरून. मी बागेतल्या रुईची पानं तोडायची आणि तू मागे उभी राहून माझ्या हाताकडे बघायचीस. तशात तो श्रावणातला शनिवार आला. गावातल्या जुन्या देवळात मी माळ घातली, नमस्काराला वाकले, तेवढ्यात गुरवमामा ओरडले, "बाय, हे काय आनलंस? देवाच्या खांद्यावर किडा चाललाय!" काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, शेंदरावरून, अगदी निवांत. गुरवमामांनी झाडू घेतला. तू बाहेर चपलांपाशी थांबली होतीस, नेहमीसारखी. आवाज ऐकून आत आलीस. इतक्या वर्षांत उंबरा न ओलांडलेली तू रांगेतल्या बायकांना बाजूला सारून थेट गाभाऱ्याशी. "थांबा, मारू नका." मारुतीच्या खांद्याला एक पान लावलंस आणि थांबलीस. अळी आपल्या सवडीने त्यावर आली. गुरवमामा म्हणाले, "आता आत आलीच हायस तं नमस्कार तरी कर." तू मारुतीकडे बघून म्हणालीस, "सांभाळलीत, बरं केलंत." मग हात न जोडता निघून गेलीस. गुरवमामांना तो नमस्कारच वाटला. मलाही.

त्या दिवसापासून वाटणी ठरली. शनिवारी सकाळी बागेत तू एकेक पान उलटून बघायचीस आणि स्वच्छ असेल तर माझ्या हातात द्यायचीस, मी सुईने ओवायचे. अंडं दिसलं की ते पान झाडावरच. मारुतीची माळ एका नास्तिक बाईच्या हाताखालून गेल्याशिवाय देवळात जायची नाही. मी एकदा म्हटलं, "पुण्य अर्धं तुझं." तू म्हणालीस, "माझं अर्धं पण तूच घे, मला पानं मोजू दे."

यंदा पावसाच्या तोंडावर सावंतभाऊंनी पंपामागचा कोपरा साफ करायचं काढलं. डास होतात, साप निघेल, लाद्या घालू, बायकांना प्राणायामाला जागा होईल. सभा झाली. तू उभी राहिलीस आणि अळी, कोश, कोणत्या झाडावर कोण, सगळं समजावून सांगितलंस. तळमळीने सांगितलंस. पण गाढवापुढे वाचली गीता. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, म्हणजे आपण किडे पाळायचे?" हशा पिकला. सावंतभाऊ चांगल्या आवाजात म्हणाले, "कुंदाताई, फुलपाखरं येतील हो, आपण नवीन फुलझाडं लावू ना." तू खाली बसलीस. तुझे हात मी माझ्या मांडीवर धरून ठेवले. निर्णय पावसाळ्यानंतर, असं ठरलं.

जिन्यात मी तुला म्हटलं, "अळ्यांचं कशाला सांगतेस? सांग की ती मारुतीची रुई आहे. कोणाची हिंमत आहे हात लावायची?"

"ते माझं कारण नाही."

"माझं आहे. मी तिथलीच पानं वाहते. खोटं काय त्यात?"

"तुझ्या तोंडून खरं, माझ्या तोंडून खोटं. आणि विजे, देवासाठी ठेवलेली गोष्ट लोक देवाच्या नावाने संपवतात. अळ्यांसाठी ठेवा म्हणून ठेवतील तेव्हाच ती राहील."

"तोपर्यंत लाद्या बसतील."

"मी असेपर्यंत मी माझंच सांगणार. पुढे तू बघ."

हा वाद आपण महिनाभर पुरवला, भाजी निवडताना, डबा घेऊन बागेत जाताना. मिटला नाही. मग तुला ताप आला, साध्या तापाचं दुखणं फुप्फुसात गेलं, आणि दवाखान्यात तुझ्या तोंडावर मास्क होता म्हणून बोलायची सोय राहिली नाही. शेवटच्या दिवशी तू डोळ्यांनी मला काहीतरी विचारत होतीस. मी "पाणी घालते रोज, काळजी करू नकोस" असं म्हटलं. ते बरोबर उत्तर होतं की नाही, मला माहीत नाही. तू डोळे मिटलेस. मला रडू आलं नाही तेव्हा, ते आलं घरी तांदूळ धुताना.

आता पुढचं ऐक. तू गेल्यावर सावंतभाऊ तुमच्या घरी आले, मी तिथेच होते. डोळे खरंच ओले होते. म्हणाले, "वहिनी, कुंदाताईंच्या आठवणीत आपण बागेत बाकडं बसवू. त्यांच्या आवडत्या कोपऱ्यात. तुम्ही टेन्शन घेऊ नका, कॉर्नर एकदम क्लीन करून देतो, लाद्या, बाकडं, त्यावर नाव." वसंतराव माझ्याकडे बघायला लागले. मला हसू फुटलं, कुंदा, माफ कर. तुझ्या नावाने तुझाच कोपरा साफ करायला निघाली होती ही प्रेमळ माणसं. मी म्हटलं, "त्या कोपऱ्यात नको." ते म्हणाले, "अहो, पण त्या तिथेच तर असायच्या ना." त्यांचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना अडवणं कठीण होतं. वसंतराव हळूच म्हणाले, "तिला आवडलं नसतं." सावंतभाऊंना वाटलं, बाकडं आवडलं नसतं. ते म्हणाले, "असं कसं, साहेब, एवढं आम्हाला करू द्या." मला त्यांचं दुखणं कळलं. त्यांचेही हात रिकामेच राहिले होते.

सोमवारी सातिवलीहून सिमेंटचं बाकडं टेम्पोतून आलं. बरोबर दोन माणसं, कोयता घेऊन. मी तांदळाच्या पाण्याचा डबा घेऊन तिथेच होते. मला तुझं सगळं पाठ होतं. अळी, कोश, अंडं, पानाची खालची बाजू. तुझं कारण तुझ्यासारखंच सांगायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं आणि सावंतभाऊंचा तो समजूतदार चेहरा पाहिला. हशा पिकायची वेळ होती. मी म्हटलं, "ही मारुतीची रुई आहे. मी दर शनिवारी हिची पानं देवाला वाहते. तोडणार कोण?"

कोयतेवाला लगेच मागे सरला. "मारुतीची हाय का? मंग मी नाय हात लावनार, साहेब." दुसरा तर चपला काढून उभा राहिला. सावंतभाऊंनी एकदा रुईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाकडं पाच हात अलीकडे, कोपऱ्याकडे तोंड करून बसवायला सांगितलं. जाताना म्हणाले, "वहिनी, हे आधी सांगायचं ना. कुंदाताई उगाच एवढ्या बोलल्या त्या दिवशी." मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. उगाच नव्हतीस बोलली तू. पण मी नुसता डबा ओतला आणि तुझ्या बाकड्यावर जाऊन बसले.

तर तू असेपर्यंत तुझं, पुढे माझं. शब्द तुझाच होता, मी फक्त धरला. आणि आता तू जिंकलीस कशी तेही सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. बातमी पसरली. पुढच्या शनिवारी बागेत गेले तर रुईला बायकांचा वेढा. मारुतीची रुई म्हटल्यावर कोण सोडतो! परड्या भरभरून पानं, एकीने तर फांदीच वाकवलेली. गणपती करायला गेले आणि मारुती झाला. देवाच्या नावाने संपवतात, म्हणाली होतीस. मी कमरेला पदर खोचला. "अहो, कुरतडलेलं पान देवाला चालत नाही, ठाऊक नाही का? भोक पडलेलं, कडा खाल्लेली, सगळी झाडावर राहू द्या. अखंड तेवढीच. आणि एकीने अकराच." आगाशीच्या फुलवाल्यांची मुलगी बोलतेय म्हटल्यावर त्यांनी ऐकलं. रुईवर राहिली सगळी उष्टी पानं, अळ्यांसकट. मी बाकड्यावर बसून स्वतःवर खूश झाले. देवाचं देवाला, अळीचं अळीला. तुझ्या फोटोतल्या आठ्यांना आता काय म्हणायचंय बघू, असं मनात म्हटलं.

वसंतराव त्या दिवशी पाण्याचा डबा घेऊन आले होते. ते आता रोज येतात. पिवळ्या पाखरांच्या पंगतीपासून दोन हात दूर, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे अवघडून उभे राहतात. मला म्हणाले, "तिला मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, यांचं नाव काय म्हणून." मी म्हटलं, "मला विचारा, पण साड्यांची नावं ऐकावी लागतील." ते हसले, मग चष्मा पुसत बसले.

काल शनिवार होता. बायका पानं घेऊन गेल्या. मी बाकड्यावर बसले, सुई-दोरा काढला आणि माझी माळ ओवायला घेतली. अखंड, कोवळी, डाग नसलेली अकरा पानं निवडली होती. बोटं चिकाने चिकट झाली. दहा ओवली. अकराव्याच्या देठात सुई घालणार, तर ते हातात जरा उलटलं.

खालच्या अंगाला, शिरेच्या कडेला, रव्याचा कण.

मला एकदम कळलं की आधीची दहा पानं मी उलटून पाहिलीच नव्हती, तू गेल्यापासूनच्या एकाही शनिवारी नाही. ते काम तुझं होतं. इतक्या वर्षांत मी एकदाही पान उलटून पाहिलं नाही, कारण ते तुझ्याच हातून यायचं. तू शेजारी बसलेली असणार हे माझ्या हातांनी गृहीतच धरलं होतं. मी सगळी माळ पुन्हा सोडवली, एकेक पान उलटून बघितलं. बाकीची दहा स्वच्छ होती, ती पुन्हा ओवली. मग त्या बाकड्यावर, तुझ्या नावावर पाठ टेकून, मी रडले. लोक चालत होते. सावंतभाऊ थांबले, मग पुढे गेले.

आणि बायकांच्या परड्यांतून किती रव्याचे कण गेले असतील, कोण जाणे. कुरतडलेलं पान तेवढं सोडायला मी सांगितलं, पण अंडं कुठे काय कुरतडतं? तू असतीस तर तिथल्या तिथे मला हे ऐकवलं असतंस. येत्या शनिवारपासून प्रत्येकीला पान उलटून बघायला लावणार आहे. का, असं विचारलं तर यावेळी मारुतीला मध्ये घेणार नाही. तुझंच कारण सांगणार. हसल्या तर हसू देत.

तुटलेलं पान झाडाला परत लागत नाही. मी ते ओच्यात घालून घरी आणलं, समोरच्या दाराची बेल वाजवली, आणि वसंतरावांकडून तुझी ती भोकं पाडलेली बरणी मागून घेतली. ती आता माझ्या ओट्यावर आहे, गच्चीवर लिंबाला पाणी घालून घरात आले की दिसेल अशी. आई असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

काल पान बरणीत ठेवूनच मी देवळात गेले. गुरवमामांनी माळ हातात घेतली आणि सवयीने पानं मोजली. "बाय, दहाच हायत. एक कुटं गेलं?"

"ते कुंदाला वाहिलं," मी म्हटलं.